रस्ता मोकळा होता म्हणे!

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक सुलभाताई घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सगळी नोकरी समुद्रावर केलीत. काहीतरी हलकंफुलकं लिहा ना. लाटा, मासे, सूर्योदय, असं." मी हो म्हटलं. त्या गेल्यावर मागच्या गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आमच्या चिक्कडपल्लीच्या घरामागून नाला जातो. नाल्यात म्युनिसिपालटीच्या कंत्राटदाराची माणसं उतरली होती. आतला काळा गाळ फावड्याने वर काढत होती आणि तिथेच काठावर ढीग घालत होती. दरवर्षी हेच चालतं. गाळ काढायचा, काठावर ठेवायचा, "उठाने कू गाडी आती साब" म्हणायचं. गाडी येत नाही, पाऊस येतो आणि गाळ होता तिथे परत जातो. मी वरून ओरडलो, "अरे, काठावर कायकू डालरे? उठाओ उस्कू!" मुकादमाने वर पाहून हात जोडले. गल्लीत माझी ख्याती भांडखोर म्हातारा अशीच आहे.

तेव्हा सुलभाताई, माफ करा, हलकंफुलकं काही जमणार नाही. माझं आयुष्य गाळ काढण्यात गेलं. काढलेला गाळ नेऊन कुठे टाकायचा, एवढ्या एका गोष्टीवरून माझ्या एका मित्राची नोकरी गेली, आणि नोकरीपेक्षा मोठं म्हणजे त्याचं नाव गेलं. त्याचा राग मला अजून येतो. रक्तदाबाची गोळी घेऊन लिहायला बसलो आहे.

हैदराबादचा माणूस समुद्रावर कसा, हे सगळेच विचारतात. आमचं मूळ गाव औंढ्याकडे. आजोबा शेती करत, वडील इथे हैदराबादेत, जामबागला शाळेत गणित शिकवत. घराण्यात कुणी हुसेनसागराहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. मी इंजिनिअरिंगचा डिप्लोमा केला, पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात जागा निघाली, गेलो, आणि ड्रेजरवर जो चढलो तो निवृत्त होईपर्यंत उतरलो नाही. शेवटी तिचा मुख्य, म्हणजे ड्रेजिंग मास्टर झालो. बंदराचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ज्यांनी लाजायला हवं होतं ते तेव्हाही लाजले नाहीत.

ड्रेजर म्हणजे काय ते सांगतो, कारण माझ्या सख्ख्या मेव्हण्याला अजून वाटतं की मी पाणबुडीवर होतो. मालाने भरलेलं जहाज पाण्याखाली खूप खोल असतं. बंदराजवळचा समुद्र तेवढा खोल नसतो. म्हणून समुद्राच्या तळात एक रस्ता खणून ठेवावा लागतो. त्याला चॅनल म्हणतात. दोन्ही कडांना बोये, म्हणजे खुणेची तरंगती पिंपं, बांधलेली असतात. बोयांच्या आत खोल, बाहेर उथळ. वरून बघाल तर पाणी सगळीकडे सारखंच. आणि हा रस्ता एकदा खणला की काम संपलं, असं नाही. किनाऱ्याने वाळू सरकत येते, बंदराच्या आतल्या बाजूला चिखल साचतो, आणि समुद्र तो रस्ता बुजवत राहतो. काल घर झाडलं म्हणून आज झाडायचं सुटत नाही, तसंच आहे हे.

आमची ड्रेजर बाजूने एक जाडजूड नळ तळापर्यंत सोडायची आणि सावकाश पुढे जात तळाचा गाळ पाण्यासकट ओढून घ्यायची. तो तिच्या पोटात भरायचा. पाणी वरून ओसंडून जायचं, गाळ खाली बसायचा. पोट भरलं की ती पाण्यात खोल रुतायची. मग तशीच जड जड चालत चॅनलमधून बाहेर, खोल समुद्रात, गाळ टाकायला नेमून दिलेल्या जागी जायची. तिथे तळाचे दरवाजे उघडले की सगळा माल खाली, आणि ड्रेजर हलकी होऊन वीतभर नाही, चांगली पुरुषभर वर यायची. भरलेली ड्रेजर कुठली आणि रिकामी कुठली, हे धक्क्यावरच्या चहावाल्यालाही लांबून कळतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कागदावर आमच्या ड्रेजरला एका नदीचं नाव होतं. खलाशी तिला 'बर्रे' म्हणत. तेलुगूत बर्रे म्हणजे म्हैस. चिखलात लोळायची, फुसफुसायची, हाकलल्याशिवाय हलायची नाही, पण दिवसभर काम ओढायची. तिच्यावर आम्हा सगळ्यांचा जीव होता. बाकी या धंद्यात कौतुक मिळत नाही. गवंड्याने बांधलेली भिंत दिसते, सुताराची खुर्ची दिसते. आमचं काम उत्तम झालं तर काहीच दिसत नाही. जहाज आलं आणि गेलं, कुठे लागलं नाही, एवढाच त्याचा पुरावा.

हे ज्याला कळायचं असा एकच माणूस बंदरात मला भेटला. कॅप्टन वहीद. ते बंदराचे पायलट होते. विमानाचे नव्हे. बाहेरून आलेल्या जहाजाच्या कप्तानाला आमचा रस्ता ठाऊक नसतो. म्हणून बंदराचा पायलट छोट्या बोटीने समोर जातो, लटकत्या दोरशिडीने त्या जहाजावर चढतो आणि त्याला आत आणतो. वहीद आमच्याच हैदराबादचे, नामपल्लीचे. कॅन्टीनमध्ये मी कुणालातरी हो म्हणताना हैदराबादी 'हौ' म्हणालो, ते ऐकून आपलं ताट उचलून माझ्या टेबलावर आले.

"हैदराबाद के क्या मियाँ?"

"चिक्कडपल्ली. वालिद जामबाग में मास्टर थे."

"अरे वा! मास्टर साब का पोट्टा दर्या में कीचड खोदरा!" म्हणाले, आणि माझ्या डब्यातलं आवकाय, म्हणजे कैरीचं तिखटजाळ लोणचं, न विचारता घेतलं. तिथून आमची दोस्ती.

वहीद जहाज पायांनी ओळखत. खाली पाणी कमी झालं की जहाज जड होतं, अंगातून थरथरतं, मागे गढूळ पाणी उसळतं. तेव्हा वेग कमी करायचा असतो, कारण वेगात जहाज आणखी खाली बसतं. हे सगळे पायलट शिकतात, पण वहीदना ते यंत्राच्या आधी पायांना कळायचं. आणि जहाज सुखरूप धक्क्याला लागलं की ते रेडिओवर मला म्हणायचे, "रस्ता मखमल, मियाँ." हे म्हणायची काही गरज नसायची. पण म्हणायचे, आणि मी ते बर्रेवर सगळ्यांना ऐकवायचो.

मग उदारीकरण आलं. दिल्लीत आलं ते पेपरात वाचलं होतं. आमच्या बंदरात ते एका नव्या साहेबांच्या रूपाने आलं. साहेबांच्या तोंडी एकच शब्द, कार्यक्षमता. सरकारी ड्रेजर खर्चिक, सरकारी माणसं आळशी, सगळं बाहेर द्या. आतल्या बंदराचा गाळ काढायचं काम एका खासगी कंत्राटदाराला दिलं गेलं. त्याची ड्रेजर पांढरीशुभ्र, परदेशी बांधणीची, आत थंडगार हवा. आमची बर्रे तिच्याशेजारी उभी राहिली की खरोखरच म्हैस दिसायची.

खासगी म्हटलं की वाईट, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सरकारी आळस मी आत राहून पाहिला आहे. बर्रेला एक साधा वॉशर मिळवायचा तर पावसाळा उलटायचा. पांढऱ्या ड्रेजरवरचे लोक मेहनती होते, यंत्रं अशी की मला हेवा वाटावा. कंत्राटदार आला याचा राग नाही. त्याच्याकडे कुणी बघायचंच नाही असं ठरवलं गेलं, याचा आहे. कंत्राटात मोजायच्या होत्या त्या खेपा. किती वेळा पोट भरून बाहेर गेली, एवढंच. नेलेला गाळ कुठे सांडला, हे विचारणारं कुणी नव्हतं.

एका वाऱ्याच्या दिवशी आम्ही चॅनलच्या बाहेरच्या टोकाला वाळू काढत होतो. पांढरी ड्रेजर भरून, खोल रुतून, आमच्या शेजारून बाहेर गेली. थोड्या वेळाने आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, अप्पलराजू ओरडला, "सार! अदि अप्पुडे खाली!" ती आत्ताच रिकामी! मी वळून पाहिलं. परत येत होती, आणि चांगली उंच तरंगत होती. खोल समुद्रातल्या त्या जागेवर जाऊन यायला जेवढा वेळ लागतो त्याच्या निम्मा वेळही झाला नव्हता. बाहेर लाटा मोठ्या होत्या. तिने चॅनलमध्येच दरवाजे उघडले होते आणि मागे फिरली होती. हे मी नंतर पुन्हा पाहिलं, आणि पुन्हाही पाहिलं.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, "साहेब, आतला गाळ काढून वाटेतच टाकतायत. आपल्याच रस्त्यात."

साहेब हसले. "औंढेकर, तुमच्या म्हशीला नवी गाय बघवत नाही. याला स्पर्धा म्हणतात. सवय करून घ्या."

मी म्हणालो, "मग तेवढं एकदा चॅनल मापून घ्या." म्हणाले, "मापायची बोट दुरुस्तीला गेली आहे. आली की बघू."

बोट यायच्या आत व्हायचं ते झालं. कोळसा भरलेलं एक मोठं जहाज भर दुपारी भरतीच्या पाण्यावर आत येत होतं. पायलट कॅप्टन वहीद. मी धक्क्यावर होतो, कानाला रेडिओ. वहीदचा आवाज नेहमीसारखा शांत, वेग कमी करायला सांगताना ऐकला. मग अजून कमी. आणि मग ते म्हणाले, "बैठ गई. बीच रस्ते में बैठ गई." सगळे बोये जिथल्या तिथे, दोन्ही रांगांच्या बरोबर मधोमध ते जहाज उभं होतं, आणि मागे काळं पाणी उसळत होतं.

पुढच्या भरतीला टगांनी, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटींनी, ते ओढून काढलं. कुणाला इजा नाही, जहाजाला भोक नाही. पण जहाजाचे मालक गप्प बसणार नव्हते. बंदराने चॅनलची खोली लेखी जाहीर केलेली असते. जहाज लागलं याचा अर्थ दोनच. एक तर जाहीर केलेली खोली खोटी, किंवा पायलटने जहाज मार्गाबाहेर नेलं. पहिलं खरं ठरलं तर साहेब अडचणीत, कंत्राट अडचणीत. दुसरं खरं ठरलं तर एकटा वहीद. कुठलं खरं ठरवायचं हे साहेबांच्या खोलीत त्याच संध्याकाळी ठरलं असावं.

कारण लगेच मला हुकूम आला. बर्रे घेऊन जा आणि जहाज लागलं ती जागा साफ करा. बाहेर दुसरं भरलेलं जहाज थांबलं आहे.

मी म्हणालो, "आधी मापू द्या, साहेब. मापायच्या आत मी उपसलं तर तिथे काय होतं ते कसं कळणार?"

"औंढेकर, तुमचं काम रस्ता मोकळा ठेवायचं आहे. मापायचं दुसऱ्याचं आहे."

बोलले ते चूक नव्हतं, म्हणूनच मला जास्त संताप आला. मी तसाच वहीदच्या क्वार्टरवर गेलो. ते व्हरांड्यात बसले होते, बूट काढून, पाय पाण्याच्या बादलीत सोडून. मी म्हणालो, "मियाँ, मैं बोलतूँ पंप बिगड गया. माप की बोट आए तक बर्रे नै हिलती. कौन क्या कर लेता?"

त्यांनी विचारलं, "बाहर खडी सो जहाज कौन लारा, मालूम?"

"कौन?"

"नया पायलट. अब्बीच लैसन मिला. साब उस्कू बोले, कल लाओ. वो ना बोल सक्ता क्या साब कू? लाएगा. टेकरी पे चढाएगा. मेरी तो सीधी बैठी, उसकी टेढी हुई तो? आदमी मरते मियाँ."

"और तुम? सब मिटा डालूँ तो तुम्हारा क्या?"

"मेरा क्या. मैं बीच रस्ते में था, वोच बोलतूँ. खोदो तुम. दर्या का रस्ता पहले."

मी गेलो आणि खणलं. बर्रेच्या पोटात पहिला गाळ पडला आणि वास आला. चॅनलच्या त्या बाहेरच्या टोकाला नेहमी पांढुरकी, स्वच्छ वाळू निघते. आज निघाला तो काळा, कुजका चिखल, आणि त्यात तांबूस खनिजाची कचकच. असा चिखल सगळ्या किनाऱ्यावर एकाच ठिकाणी आहे, आमच्या बंदराच्या आत, खनिजाच्या धक्क्याखाली. समुद्राने तो बाहेर आणून वाटेच्या मधोमध ढीग घातला नव्हता. अप्पलराजूने चिमटीत घेऊन चोळला आणि बाजूला थुंकला. माझ्या जेवणाच्या पिशवीत शालिनीने, म्हणजे आमच्या सौ.नी, दिलेली आवकायची काचेची बरणी होती. लोणचं खलाशांच्या ताटांत वाटून टाकलं, बरणी धुतली, आणि त्या चिखलाने गळ्यापर्यंत भरून झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी ते थांबलेलं जहाज आत आलं. त्या जागेवरून गेलं तेव्हा मी बर्रेच्या कठड्याला धरून उभा होतो. थरथरलंसुद्धा नाही. नव्या पायलटला खाली काय होतं आणि काय नाही, याचा पत्ता नव्हता. मग मापायची बोट दुरुस्त होऊन आली. किती चटकन दुरुस्त झाली! तिने चॅनल मापला, आणि सुंदर नकाशा तयार झाला. खोली सगळीकडे पूर्ण. मी तो नकाशा पाहिला आणि माझ्या तोंडून शिवी निघाली. आयुष्यात इतकं चोख काम मी केलं नव्हतं.

चौकशी लागली, आणि लागली कुठे, तर हैदराबादला. चौकशी अधिकारी म्हणून नेमलेले निवृत्त गृहस्थ इथे राहत होते आणि त्यांना प्रवासाचा त्रास होत होता. म्हणजे समुद्रात घडलेल्या गोष्टीचा न्याय समुद्रापासून एवढ्या लांब, एका गेस्ट हाऊसच्या दिवाणखान्यात, कूलरच्या वाऱ्यात व्हायचा. वहीद नामपल्लीला घरी उतरले, मी चिक्कडपल्लीला. सकाळी निघताना शालिनी म्हणाली, "माझी बरणी कुठे नेताय?" मी म्हणालो, "साक्ष द्यायला." ती म्हणाली, "झाकण घट्ट लावा, रिक्षात सांडेल."

आधी वहीदना उभं केलं. तुम्ही वेग कमी केलात? केला. का? खाली पाणी कमी वाटलं. म्हणजे तुम्हाला शंका आली होती? आली. तरीही जहाज पुढे नेलंत? वहीद म्हणाले, भरलेलं जहाज चॅनलमध्ये सायकलसारखं थांबवता येत नाही. अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं नाही. लिहून घेतलं ते असं की वेग अवाजवी कमी केल्याने जहाज सुकाणूला जुमानेना आणि मार्गाबाहेर सरकलं. ज्या शहाणपणामुळे त्या जहाजाचा तळ फाटला नाही, तेच त्यांच्यावर गुन्हा म्हणून लावलं. आंधळेपणाने भरवेगात ठोकलं असतं तर बहुधा सुटले असते! वहीद उभे होते ते तसेच उभे राहिले. माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही.

मग मी. अधिकाऱ्यांसमोर तो नकाशा पसरलेला होता.

"मिस्टर औंढेकर, ती जागा तुम्ही साफ केलीत?"

"हो. पण त्याआधी तिथे..."

"विचारलं तेवढंच सांगा. साफ केल्यावर खोली पूर्ण होती?"

"साफ केल्यावर असणारच. त्यासाठीच तर साफ केलं."

"म्हणजे खोली पूर्ण होती." त्यांनी टंकलेखकाकडे मान वळवली. "लिहा. साक्षीदार मान्य करतो की खोली पूर्ण होती."

मी ओरडलो. हो, ओरडलो. म्हणालो, तुमच्या घरी चोरी झाली, तुम्ही घर आवरलंत, आणि पोलीस आवरलेलं घर बघून म्हणाले की चोरी झालीच नाही, तर चालेल का? ते म्हणाले, आवाज खाली. मी बरणी टेबलावर ठेवली. म्हणालो, हा चिखल त्या जागेवरचा. आणि असाच चिखल बंदराच्या आत खनिजाच्या धक्क्याखाली आहे. कुणालाही पाठवा, आणायला सांगा, दोन्ही शेजारी ठेवा. हा चालत बाहेर गेला का? मी झाकण उघडलं. सगळ्या दिवाणखान्यात आमच्या बंदराचा वास पसरला.

अधिकाऱ्यांनी रुमाल नाकाला लावला. "हे काय आहे? ही चौकशी आहे, भाजीबाजार नाही. चिखल कुठलाही असू शकतो." आणि दाराकडे पाहून शिपायाला म्हणाले, "ये बाहर लेके जाओ."

शिपाई बरणी घेऊन गेला. कंत्राटदाराच्या बाजूचे लोक हसत होते. साहेब हसत नव्हते, ते छताकडे पाहत होते. मला बाहेर जायला सांगण्यात आलं. व्हरांड्यात येऊन बघतो तर नळाशी तो शिपाई, उकिडवा बसून, पांढऱ्या मिशांचा, भला माणूस. त्याने मला पाहिलं आणि आनंदाने बरणी पुढे केली. स्वच्छ, लख्ख, थेंब थेंब पाणी निथळणारी.

"साब, कित्ती गंदी थी. राख लगा के धो डाला मैं."

त्याच्यावर काय रागावणार? मी त्याला शुक्रिया म्हणालो. वहीद मागून येऊन उभे राहिले होते. त्यांनी ती बरणी पाहिली, नळाखालचं काळं पाणी मोरीतून वाहत जाताना पाहिलं, आणि तिथेच पायरीवर बसून हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "क्या मियाँ," म्हणाले, "आज तो सबीच सफाई पे तुले हैं." मला हसू आलं नाही. आजही येत नाही.

निकाल आला. पायलटच्या निर्णयातली चूक. वहीदचं लायसन काढून घेतलं आणि त्यांना एका खोलीत टेबलामागे बसवलं. ते काही दिवस बसले आणि राजीनामा देऊन नामपल्लीला परत आले. भावाचं घड्याळांचं दुकान होतं, तिथे बसू लागले. कंत्राट पुढे वाढवून मिळालं. साहेबांना बढती मिळाली. आमची बर्रे भंगारात गेली, तिला तोडायला ओढून नेलं तेव्हा अप्पलराजू धक्क्यावर आला नाही. मला स्वेच्छानिवृत्ती देण्यात आली. त्यात इच्छा कुणाची होती हे विचारू नका. पुढे काय झालं, गाळ वाटेत टाकणं कुणी कधी थांबवलं का, ते मला माहीत नाही. मला त्या बंदराकडून कधी कुणी काही विचारलं नाही.

पण खरा राग यापुढचा आहे. नोकरी जाते, माणूस दुसरं काही करतो. नाव गेलं की ते गल्लीत येऊन राहतं. एका लग्नात मी आणि वहीद शेजारी जेवायला बसलो होतो. मागच्या ओळीत कुणीतरी कुणालातरी ओळख करून दिली, "वो देखो, जहाज बिठाए सो कप्तान." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. तेच नाव पडलं होतं. माणसाने दोरशिड्या चढून एवढी जहाजं आत आणली, एकालाही ओरखडा नाही, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर बसलेलं एक. वहीदनी ऐकलं, आणि माझ्या ताटात आणखी एक कबाब वाढला.

आता वहीदना ऐकू कमी येतं, पायही दुखतात. या महिन्यात रिक्षाने माझ्याकडे आले. शालिनीने चहा केला. आम्ही मागच्या गॅलरीत बसलो. खाली नाल्याच्या काठावर तो गाळाचा ढीग तसाच पडलेला. मी सवयीने ओरडायला उठलो, तर त्यांनी माझा सदरा धरून खाली बसवलं.

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते मोठ्याने, त्यांच्या कानाशी विचारलं. "मियाँ, उस दिन तुम मेरे कू खोदो नै बोलते तो? टेकरी वैसीच रहती. माप की बोट देखती. तुम छूट जाते. कभी अफसोस नै होता?"

त्यांनी कपातला चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "वो दुसरी जहाज निकल गई ना?"

"हौ. निकल गई."

"कैसी निकली?"

मी म्हणालो, "मखमल."

"तो बस," म्हणाले, आणि चहाची बशी तोंडाला लावली.

त्यांचं बस झालं असेल. माझं झालेलं नाही. त्या गेस्ट हाऊसमध्ये माझी साक्ष अर्धी लिहून घेतली गेली. उरलेली अर्धी मी आज या अंकात लिहून देतो. ज्या घरांत मुलांना मराठी वाचता येत नाही तिथे मोठ्यांनी ती वाचून दाखवावी, आणि नामपल्लीकडच्या लोकांना हिंदीत सांगावी. त्या दिवशी रस्त्यात गाळ होता. तो समुद्राने टाकला नव्हता, माणसांनी टाकला होता. तो मी माझ्या हाताने काढला, आणि काढायला मला कॅप्टन वहीद यांनी सांगितलं. त्यांचं जहाज बरोबर रस्त्याच्या मधोमध होतं.